कार्यक्रम रद्द झाला, आता मुलांसाठी पैसे कुठून आणायचे? नाशिकच्या छोट्या संस्थांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही नाशिकमध्ये एक छोटी संस्था चालवतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यांतून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि पहाटेचा धावण्याचा सराव, एवढंच आमचं काम. वर्षाचा निम्मा खर्च एका संगीत संध्येतून आणि एका दौडीतून निघायचा. एकदा कोरोनाने सगळं गेलं, एकदा पावसाने गेलं, एकदा मैदानच मिळालं नाही. मी संस्थेचा खजिनदार. आता दुसऱ्या संस्थांचे खजिनदार मला फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं.

कार्यक्रम रद्द करावा लागतोय. सगळ्यात आधी काय करायचं?

लोकांना सांगायचं, आणि त्याच दिवशी सांगायचं. आम्ही पहिल्या वेळी चार दिवस गप्प बसलो, कारण कार्यकारिणीचं एकमत होत नव्हतं. तोवर तिकीट घेतलेल्यांना बाहेरूनच कळलं. एका निवृत्त बाईंनी फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, मला तुमच्याकडून कळायला हवं होतं ना." त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण पुढच्या वर्षी तिकीटही घेतलं नाही.

आता आमचा मजकूर तयारच असतो, फक्त तारीख बदलायची:

"नमस्कार. रविवारची संगीत संध्या पावसामुळे रद्द करावी लागत आहे. तुमच्या तिकिटाचे ६०० रुपये तुमचे आहेत. परत हवे असतील तर 'परत' असं कळवा, आठ दिवसांत मिळतील. अभ्यासिकेला द्यायचे असतील तर 'देणगी' असं कळवा, रीतसर पावती पाठवू. काहीच कळवलं नाहीत तर आम्ही स्वतः फोन करू."

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही म्हणजे देणगी दिली, असं धरून चालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. ते कायद्यात तर बसत नाहीच, माणुसकीतही बसत नाही.

"रद्द" म्हणायचं की "पुढे ढकलला" म्हणायचं?

नवी तारीख आणि जागा हातात असेल तरच "पुढे ढकलला" म्हणा. नाशिकचं ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये ठरलं होतं, कोरोनामुळे लांबलं आणि डिसेंबरात आडगावला झालं. एवढ्या मोठ्या यंत्रणेला नऊ महिने लागले. तुमच्याकडे सात कार्यकर्ते आणि एक ॲक्टिव्हा आहे. सरळ रद्द करा.

आमचं दीड लाखाचं नुकसान झालं. एवढे पैसे कुठून उभे करणार?

थांबा, दीड लाखाचं नुकसान झालेलं नाही. कागद घ्या आणि मांडा. समजा ३०० रुपयांची ५०० तिकिटं विकली असती, तर जमा १,५०,००० रुपये. त्यातून हॉलचं भाडं, साउंड-लाइट, कलाकारांचं मानधन, छपाई, चहा-नाश्ता, स्वयंसेवकांचं पेट्रोल असे समजा ९५,००० गेले असते. मुलांसाठी उरले असते ५५,०००. तुमचा खड्डा ५५ हजारांचा आहे. प्रत्येकी ५०० रुपये देणारे ११० लोक मिळाले की तो भरतो.

हा हिशेब आम्ही पहिल्यांदा मांडला तेव्हा कार्यकारिणीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. तीन महिने धावपळ करून आपण मुख्यतः मंडपवाल्याला आणि साउंडवाल्याला पोसत होतो, हे पचायला जड गेलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचं ते पोट आहे. पण पाचशे अनोळखी प्रेक्षकांपेक्षा शंभर ओळखीचे देणगीदार सांभाळणं सोपं असतं, हे तेव्हा कळलं.

एक मात्र खरं, कार्यक्रमातून नवी माणसं जोडली जातात. ते नुकसान या हिशेबात दिसत नाही.

पैसे मागायला फोन करायची लाज वाटते. दुसरा काही मार्ग नाही का?

आहेत, पण फोनइतका दुसरा कुठलाच चालत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या आवाहनाला हात जोडलेले इमोजी भरपूर येतात.

आमची पद्धत सांगतो. एक लांबडी, लाल बाइंडिंगची वही आहे. डाव्या पानावर देणगीदाराचं नाव, नंबर, मागच्या वर्षी किती दिले. उजव्या पानावर त्याने फोनवर जे सांगितलं ते, त्याच्याच शब्दांत. "मुलीचं लग्न आहे, फेब्रुवारीनंतर." "बूट घेऊन देईन, रोख देणार नाही." "सकाळी नऊच्या आत फोन करू नका." ही वही संगणकात का नाही असं तरुण कार्यकर्ते विचारतात. एक्सेलमध्येही आहे. पण फोन चालू असताना पेनच हाताशी असतं.

संध्याकाळी सहा ते आठ, दिवसाला दहा फोन, त्याहून जास्त नाही. अकराव्या फोनला आवाजात कंटाळा येतो आणि तो पलीकडे ऐकू जातो. आणि आकडा सांगा. "काहीतरी मदत करा" म्हटलं की समोरचा अडचणीत पडतो. "काका, एका मुलाचा अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च साडेसहाशे येतो, दोन महिन्यांचा द्याल का?" असं विचारलं की त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. नाही म्हटलं तर आभार मानायचे, वहीत लिहायचं आणि पुढच्या वर्षी परत विचारायचं.

लाज वाटत असेल तर मुलांसोबत एक संध्याकाळ बसा. तिथून उठून थेट फोन लावा.

आमचे बरेच देणगीदार शेतकरी आहेत. ते "बघू" म्हणतात.

तुम्ही फोन कधी केला? द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पैसे मागाल तर तो "बघू"च म्हणणार. तेव्हा त्याचे पैसे मजुरीत आणि औषधांत जात असतात. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे माल साधारण जानेवारी ते एप्रिल निघतो. पिंपळगावच्या एका बागाईतदाराने मला स्पष्ट सांगितलं, "भाऊ, माल गेला की मीच फोन करतो." मार्चमध्ये खरंच केला. कांदेवाल्यांचं गणित भावावर असतं, तिथे महिना सांगता येत नाही. लासलगावचा भाव पडलेला असताना फोन करू नका, एवढं तरी पाळा.

पोस्टरवर माझाच यूपीआय क्यूआर टाकला तर चालेल का? संस्थेचं खातं संथ आहे.

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. संस्थेच्या खात्याचा क्यूआर यायला उशीर होत होता, म्हणून "तोवर" माझा टाकला. ते पोस्टर आठवडाभरात कुठल्या कुठे फिरलं. पुढे तीन महिने माझ्या बचत खात्यात ५०, १०१, ५०१ असे पैसे येत राहिले आणि ते कुणाचे, कशाचे, हे शोधता शोधता माझ्या बायकोने मला घरात "धर्मादाय आयुक्त" म्हणायला सुरुवात केली. हिशेब जुळला, पण ऑडिटरसमोर बसताना घाम फुटला.

क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा, आणि स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसायला हवं. शिवाय नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेला त्यावर कर लागू शकतो. म्हणून पोस्टरवर क्यूआरखाली एक ओळ टाका: "पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि पावती हवी असल्यास पॅन या नंबरवर कळवा."

दर महिन्याला थोडे थोडे देणाऱ्यांसाठी यूपीआय ऑटोपे उत्तम. १५ हजार रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही. महिन्याला २०० देणारे ४० लोक असतील तर वर्षाचे ९६ हजार होतात, आणि ते पावसाने रद्द होत नाहीत.

८०जी च्या, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या, पावतीबद्दल लोक विचारतात. नेमकं काय सांगायचं?

संस्थेकडे मान्यता असेल तरच ८०जी चं नाव घ्या. मान्यता असलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर देणगीदाराला वजावट मिळते, तीही त्याच्या उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर वजावट नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट मिळतच नाही. हे आधीच सांगा, नाहीतर जुलैमध्ये रिटर्न भरताना तो तुमच्यावर चिडेल.

पावती देऊन काम संपत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे पर्यंत सगळ्या देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरायचं असतं, मगच त्यांना प्रमाणपत्र देता येतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. लोकांच्या तोंडी "८०जी"च राहणार, पण पावतीवर काय छापायचं ते सीएकडून तपासून घ्या.

रद्द तिकिटाचे पैसे देणगीत वळवले, तर संमतीचा मेसेज जपून ठेवा आणि पावती त्या संमतीनंतरच्या तारखेची द्या.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडून सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामासाठी द्यायचे पैसे) मिळेल का?

मिळेल, पण तुम्ही दौडीसाठी मागत असाल तर आधीपासूनच चुकीचं मागत होतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे की मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती यांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही. कंपन्यांचे लोक बॅनरसाठी पैसे देतात ते बहुधा जाहिरातीच्या खात्यातून. म्हणजे दौड रद्द झाल्याने सीएसआरचं दार बंद होत नाही. उलट आता वर्षभराच्या कामाचा प्रस्ताव घेऊन जायला हरकत नाही.

आधी कंपनी त्या कायद्यात बसते का ते बघा. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणं बंधनकारक असतं. अंबडच्या गल्लीतले छोटे कारखानदार यात नसतात. ते देतात ते स्वतःच्या मनाने देतात, आणि अनेकदा लवकर देतात. कंपनीकडून सीएसआर घ्यायचा तर तुमच्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. ती नसेल तर साहेब चहा पाजतील आणि विषय तिथेच संपेल.

प्रस्तावात एक पान पुरे. किती मुलं, काय मिळणार, किती पैसे, कोण तपासणार. आमच्याकडे पळणाऱ्या मुली आहेत म्हटल्यावर प्रत्येक साहेब सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव काढतो. साहजिक आहे, आपल्याच जिल्ह्यातली मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. पण "आम्ही पुढची कविता घडवतो" असं लिहून देऊ नका. बूट, अंडी, केळी आणि प्रशिक्षकाचा प्रवासखर्च लिहा.

प्रायोजकाने बॅनरसाठी दिलेले पैसे परत मागितले तर?

द्यावे लागतील. त्याला जाहिरात मिळाली नाही. आधी विचारून बघा की ते पैसे अभ्यासिकेला देणगी म्हणून ठेवाल का. आमच्या पाचपैकी तिघांनी ठेवले.

ऑनलाइन कार्यक्रम घ्यावा का?

२०२० मध्ये लोक घरात बसून होते, तेव्हा चाललं. आता ऑनलाइन गाण्याच्या कार्यक्रमाला तुमचे नातेवाईकसुद्धा अर्ध्यात उठतात. "आपापल्या भागात पळा" ही दौड त्यापेक्षा बरी चालते. लोक गोदापार्कवर, गंगापूर रोडला, आपल्या कॉलनीत पाच किलोमीटर पळतात, ॲपचा फोटो पाठवतात. पण पदकं कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका, नोंदणीचे पैसे त्यातच जातात. पदक संस्थेत येऊन न्या म्हणायचं. निम्मे लोक येतात, मुलांना भेटतात, आणि त्यातले काही वहीत जातात.

काही विकून पैसे उभे करता येतील का?

दिवाळीआधीची रद्दी, हा माझा आवडता मार्ग. इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूर रोडच्या सोसायट्यांत घराघरांत साफसफाई चालू असते, रद्दी जड झालेली असते आणि द्यायला कुणालाच जिवावर येत नाही. सोसायटीच्या चेअरमनना आधी भेटा, रविवार ठरवा, वॉचमनच्या केबिनजवळ गठ्ठे जमा करा, छोटा हत्ती टेम्पो भाड्याने घ्या. भाव तीन रद्दीवाल्यांना विचारून ठरवा आणि वजन तुमच्यासमोर करा. वह्यापुस्तकं वेगळी काढा, त्यातली बरीच अभ्यासिकेत कामाला येतात. एका गठ्ठ्यात आम्हाला स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचा अख्खा संच सापडला होता, समासात हिरव्या शाईने केलेल्या खुणांसकट. मुलांनी त्याच्या झेरॉक्स काढून वाटून घेतल्या.

फराळ, पणत्या, आकाशकंदील चालतात, पण आधी ऑर्डर घ्या, मग करा. उरलेली चकली कार्यकर्त्यांनाच विकत घ्यावी लागते. खाण्याचे पदार्थ नियमित विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते. त्यापेक्षा नोंदणी असलेल्या बचत गटाकडून घ्या.

कूपनं विकून लकी ड्रॉ?

नको. पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे कायद्याच्या नजरेत लॉटरी. गल्लोगल्ली चालतं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आमची संस्था नोंदणीकृत नाही, मित्रमंडळ आहे. वर्गणी काढावी का?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी नुसार नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात ती हीच. नाहीतर नोंदणीकृत संस्थेशी बोला, तिच्या नावाने, तिच्या पावतीवर काम करा. बारा पोरांचं मंडळ असेल तर दुसरा मार्ग लवकर जमतो.

मिलाप, केट्टोसारख्या देणग्या गोळा करणाऱ्या साइटवर आवाहन टाकलं तर?

टाका, पण तिथे अनोळखी माणसं आपोआप येऊन पैसे देतील ही आशा सोडा. लिंक तुम्हालाच पाठवायची असते, देणारे बहुतेक तुमच्याच ओळखीचे असतात. त्या बदल्यात शुल्क किती जातं ते आधी वाचा. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दानउत्सव असतो, त्या आठवड्यात लोकांच्या कानावर विषय आधीच आलेला असतो. तेव्हा लिंक फिरवा.

अमेरिकेतला भाचा संस्थेला पैसे पाठवतो म्हणतोय. घ्यावेत का?

त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी. परदेशी देणगीसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नसताना एक डॉलरही घेऊ नका. "आत्याच्या खात्यावर पाठवतो, तुम्ही तिच्याकडून घ्या" ही युक्ती त्यालाच सुचेल. त्या युक्तीलाही नाही म्हणा.

आवाहनात मुलांचे फोटो टाकले तर जास्त पैसे येतात ना?

कदाचित येतात. तरी रडका चेहरा, फाटका शर्ट, झोपडीसमोरचं कुटुंब, हे नको. बालगृहातल्या किंवा बाल कल्याण समितीकडून आलेल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने गुन्हाच आहे. बाकीच्यांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. आमच्या एका मुलीने सांगितलं, "सर, फोटो टाका, पण मी पळतानाचा टाका, फी भरायला पैसे नाहीत असं लिहू नका. कॉलेजात सगळे बघतात." आता आम्ही पाठमोरे फोटो किंवा बुटांचे फोटो टाकतो. पैसे कमी आले असं काही जाणवलं नाही.

पुढच्या वेळी रद्द होणार हे आधी ओळखता येईल का?

काही गोष्टी कॅलेंडरवरच दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये गोदाघाटाजवळ काहीही ठेवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की अर्धं शहर पाणी बघायला जातं, उरलेलं घरात बसतं. निवडणुकीची आचारसंहिता बघा. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात पोलिस, रस्ते, मैदानं, मंडप, यांतलं काहीच तुमच्या वाट्याला येणार नाही असं धरून वर्षाचं बजेट कार्यक्रमाविना मांडा.

हॉलचं किंवा लॉन्सचं डिपॉझिट बुडतं का?

करारात काय लिहिलंय त्यावर. आमचे एका लॉन्सवाल्याने वीस हजार ठेवून घेतले, कारण आम्ही सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात तसंच होतं. तेव्हापासून आम्ही "अतिवृष्टी, पूर, साथ किंवा सरकारी आदेशामुळे रद्द झाल्यास रक्कम परत अथवा पुढील तारखेस वळती" ही ओळ हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतो. एकदाच एकाने नकार दिला. आम्ही दुसरीकडे गेलो.

छापून आलेले टी-शर्ट, बॅनर, पदकं यांचं काय करायचं?

टी-शर्ट मुलांना सरावाला वाटून टाका. आमच्याकडे कोरोनाच्या वर्षीचे १८० आले होते, छातीवर "मार्च २०२०" छापलेले. काही अजून टिकलेत. पहाटे पळताना एखादा जॉगिंगवाला हमखास विचारतो, "ही कुठली रे स्पर्धा?" मुलं सांगतात, "झालीच नाही, काका." मग तो थांबतो, आणि मी वही काढतो. फ्लेक्सचे बॅनर पावसाळ्यात अभ्यासिकेच्या पत्र्यावर घातले आहेत. पदकांवर तारीख छापू नका, फक्त संस्थेचं नाव घाला.